जनावराला पान लागतं तेव्हा

पावसाळ्यात पहाटे फोन वाजला की मी आधी गाडीची चावी हातात घेतो आणि मग फोन उचलतो. "डॉक्टर, म्हशीला पान लागलंय वाटतं. तोंड सुजलंय, नाकातलं रक्त थांबंना." आपल्याकडे रात्री-अपरात्री सापाचं नाव घेत नाहीत. कुणी लांबडं म्हणतं, कुणी नुसतंच जनावर म्हणतं, आणि साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतलं नाही तरी गोठ्यात गेल्यावर कुठलं पान लागलं ते शोधावंच लागतं. साप तोवर कधीच निघून गेलेला असतो. पण चावलेल्या जनावराचं अंग बोलतं. ते काय बोलतं एवढं समजलं तरी घरच्यांच्या हातून होणाऱ्या निम्म्या चुका टळतात. म्हणून हे लिहितो आहे.

त्या पहाटेची म्हैस मुऱ्हा होती, तिसऱ्या वेताची, व्यायला चार महिने झालेले. आदल्या संध्याकाळी उसाच्या बांधावर चरून आली, धार नेहमीसारखी दिली, पण रात्री वैरणीला तोंड लावलं नाही. मी पोचलो तेव्हा डावी नाकपुडी जवळजवळ मिटलेली होती. सूज जबड्यावरून गळ्याकडे उतरत होती आणि तोंडाला बांधलेली दोरीची मोरकी गालात इतकी रुतली होती की खाली बोट जाईना. ओठ उचलून पाहिला, तर हिरडीवर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके. नाकातून रक्ताची बारीक धार, आणि ते रक्त पातळ. दावणीच्या दगडावर सांडलेलं रक्त अर्ध्या तासानंतरही ओघळत होतं, साकळत नव्हतं.

मी सगळ्यात आधी मोरकी कापली. घरातली आजी कोमट तुपात कालवलेल्या हळदीची वाटी आणि पाजायचं नळकांडं घेऊन उभी होती.

"पाजू का, डॉक्टर?"

"नको आजी, आत्ता काहीच पाजू नका. तिला गिळता येतंय का, तेच अजून आपल्याला ठाऊक नाही."

मग कानाच्या शिरेतून दोन मिली रक्त घेतलं. मानेची मोठी शीर मुद्दाम टाळली. रक्त गोठत नसेल तर मानेत सुई टोचलेल्या जागी आतल्या आत गाठ धरते, कान मात्र चिमटीत दाबून धरता येतो. रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत घातलं, नळी खिडकीच्या कोनाड्यात उभी केली आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. वीस मिनिटांनी ती तिरकी करायची. आतलं रक्त थिजलं असेल तर जागचं हलणार नाही. वाहिलं तर गोठणं मोडलं आहे. नळी काचेचीच हवी, कारण रक्ताच्या गोठण्याला काचेचा स्पर्श चालना देतो, प्लॅस्टिक देत नाही. साबणाने धुतलेली नळीही फसवते. माणसांच्या दवाखान्यात सर्पदंशासाठी हीच चाचणी करतात. वीज नाही, यंत्र नाही अशा गोठ्यात मला तरी याहून भरवशाचं काही सापडलेलं नाही.

ती वीस मिनिटं उलटेपर्यंत विष म्हणजे काय ते सांगतो.

सापाचं विष ही मुळात लाळ आहे. आपल्या लाळेत भाकरी पचवायला लागणारे पदार्थ असतात, तसे सापाच्या लाळेत उंदीर लुळा करायला आणि आतून पचवायला लागणारे पदार्थ असतात. बहुतेक सगळी प्रथिनं. एकेका विषात अशी कितीतरी प्रथिनं मिसळलेली असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं. गाय, म्हैस, कुत्रा हे काही सापाचं भक्ष्य नव्हे. गवतात खुपसलेलं नाक अंगावर आलं म्हणून तो स्वतःच्या बचावासाठी चावतो. म्हणून गुराढोरांना चावा बहुतेक तोंडावर नाहीतर पायावर असतो, बसल्या जागी चावला तर कासेवर. कुत्र्याला नाकाडावर आणि पुढच्या पायावर, कारण कुत्रं हुंगायला जातं आणि पंजा मारायला जातं.

आपल्याकडे जनावरं दगावतात ती मुख्यतः चार सापांनी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं कोकणातल्या जांभ्या दगडांत जास्त, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या लोकांना ते सांगायला नको. घोणस उसात, गवताच्या बांधावर, कडब्याच्या गंजीखाली उंदरांच्या मागे आलेली असते. डिवचली तर कुकरची शिट्टी सुटावी तसा फूत्कार टाकते. मण्यार रात्री हिंडतो. बाकी धामण, दिवड, कवड्या, डुरक्या घोणस हे सगळे बिनविषारी. कवड्या मण्यारसारखा दिसतो आणि डुरक्या घोणशीसारखा, म्हणून दोघेही बिचारे काठीखाली मरतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असंही नाही. कोरडा चावा असतो. मंत्र घातला आणि जनावर उठलं, असं जे आपण ऐकतो त्यातल्या बहुतेक वेळा एकतर साप बिनविषारी असतो किंवा चावा कोरडा. मंत्र घालणारा माणूस लबाड असतो असं मी म्हणत नाही, पुष्कळदा तो मनापासून धावून येतो. पण त्यात गेलेला दीड तास विष भिनलेल्या जनावराला परत मिळत नाही.

आता रक्ताचं. शेतकऱ्याला हे समजावणं मला सोपं जातं, कारण त्यानं दारं धरलेलं असतं. पाटाला कुठं भगदाड पडलं की आपण शेजारचं चिखलमातीचं ढेकूळ उचलून तिथं घालतो आणि पाणी अडतं. रक्ताचंही तसंच आहे. शिरेला चीर गेली की रक्तातलीच काही प्रथिनं एकामागून एक जागी होतात, शेवटी फायब्रिन नावाचे धागे तयार होतात आणि भोक बुजतं. घोणशीचं विष या साखळीच्या मधल्याच कड्यांना खोटा इशारा देतं. कुठंही भगदाड नसताना अंगभर बुजवाबुजव सुरू होते. बारीक बारीक शिरांमध्ये विनाकारण गुठळ्या होतात, आणि काही तासांत बांधावरची सगळी माती संपते. मग खरंच चीर पडली की बुजवायला काही शिल्लक नाही. म्हणून नाकातून, हिरडीतून, सुई टोचलेल्या जागेतून, लघवीतून रक्त येत राहतं. फुरसं हेच काम साखळीच्या दुसऱ्या कडीवर करतं. घोणशीच्या विषाचा हा गुण इतका नेमका आहे की माणसांच्या प्रयोगशाळांत रक्त गोठण्याच्या एका तपासणीत हेच विष पातळ करून वापरतात.

त्या विनाकारण गुठळ्या मूत्रपिंडाच्या बारीक चाळणीत अडकतात. त्यात भर म्हणून फुटलेल्या रक्तपेशी आणि मोडलेल्या स्नायूंचा रंग तिथून गाळला जाऊ लागतो. लघवी आधी लालसर होते, मग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी, मग कमी होते. घोणस चावलेलं जनावर पहिल्या दिवशी वाचलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गेलं, असं जेव्हा होतं तेव्हा पुष्कळदा मूत्रपिंडानं दगा दिलेला असतो. म्हणून लघवी किती झाली, कोणत्या रंगाची झाली, हे मी घरच्यांना लिहून ठेवायला सांगतो. वहीत नको, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं तरी चालतं.

आणि सूज. विषातले पचवणारे पदार्थ चाव्याच्या जागी मांसच पचवायला लागतात. शिरांच्या भिंती पाझरतात, पाणी आणि रक्त बाहेर झिरपतं, कातडी ताणते, काळीनिळी पडते. जनावर जगलं तरी आठवडाभरानं तो तुकडा सडून गळतो आणि जखमेत आसडी, म्हणजे अळ्या, पडायची भीती असते. तोंडाच्या सुजेचा धोका वेगळा. नाकपुड्या मिटल्या तर श्वासच कोंडतो. घोडा तर तोंडानं श्वास घेऊच शकत नाही, त्याची नाकपुडी उघडी ठेवण्यासाठी सूज पूर्ण चढण्याआधी आत नळी सरकवून बसवावी लागते.

वीस मिनिटं झाली होती. मी नळी तिरकी केली. रक्त सरबतासारखं सरकलं, काचेला चिकटलंसुद्धा नाही. घोणस. चार लोकांनी रात्रभर बॅटऱ्या घेऊन शोधलेला साप त्या नळीत सापडला.

दुसरी तऱ्हा पूर्ण वेगळी असते, आणि ती ओळखायला जास्त अवघड. नाग आणि मण्यार रक्ताच्या मागे लागत नाहीत. ते मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत. मज्जातंतूचं टोक हा पोस्टमन आणि स्नायूवरची ग्रहण करणारी जागा ही पत्रपेटी असं समजा. नागाचं विष पत्रपेटीत बोळे कोंबतं. पोस्टमन दारात येतो, पत्र आत जात नाही. मण्यारचं विष पोस्टमनचं घरच मोडतं. दोन्हींचा परिणाम एकच, अंग लुळं पडतं. पण उपायात फार फरक पडतो. पेटीतले बोळे काढता येतात. म्हणून नाग चावलेल्या कुत्र्याला वेळेत विषावरची लस आणि जोडीला अ‍ॅट्रोपिन-निओस्टिग्मिनची इंजेक्शनं दिली की कधी कधी डोळ्यांदेखत मान उचलतं. मोडलेलं घर बांधायला मात्र दिवस लागतात. मण्यारचं विष एकदा मज्जातंतूच्या टोकाशी काम करून गेलं की नंतर कितीही लस ओतली तरी मोडलेलं लगेच सांधत नाही, नवं टोक फुटेपर्यंत जनावराला जगवत ठेवावं लागतं.

नाग चावलेलं कुत्रं मला आठवतं, गावठीच, तपकिरी, पडवीत नागाशी भिडलेलं. आणलं तेव्हा शेपूट हलवत होतं. पंधरा मिनिटांत वरच्या पापण्या अर्ध्यावर आल्या, खालचा ओठ लोंबायला लागला, लाळेची तार जमिनीला टेकली. लाळ जास्त सुटली म्हणून नव्हे, गिळता येईना म्हणून. मग मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. मग ते आडवं झालं. घरचे म्हणाले, बेशुद्ध पडलं. पण बेशुद्ध नव्हतं. नाव घेतलं की बुबुळ हलायचं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. या विषानं स्नायू थांबतात, जाणीव थांबत नाही. मुडद्यासारखं पडलेलं जनावर तुमचा आवाज ऐकत असतं. शेवटी छातीचे स्नायू थांबतात आणि मरण येतं ते श्वास थांबून. घशात नळी घालून रबरी फुग्यानं कुणी श्वास देत राहिलं, तर ते जनावर परत येऊ शकतं. त्या कुत्र्याला आम्ही तिघांनी आळीपाळीने फुगा दाबला. साडेतीन तास. ते उठलं.

मण्यारची खूण त्याहून फसवी, कारण खूणच नसते. सूज नाही, रक्त नाही, दाताचे व्रण केसांत दिसत नाहीत. रात्री धड बांधलेली गाय सकाळी उठत नाही, पापण्या मिटलेल्या, लाळ गळते आहे, पोट फुगत चाललेलं. अशा वेळी 'काही चावलेलं दिसत नाही' म्हणून सर्पदंशाची शंका सोडून देऊ नये. पावसाळ्यातली रात्र, एकच जनावर, ताप नाही, लुळेपणा वरून खाली उतरत चाललेला, असं असेल तर मी मण्यार धरूनच चालतो.

मुंगसाचं काय, असं मुलं हमखास विचारतात. मुंगसाची पत्रपेटीच निराळ्या घडणीची असते. नागाच्या विषाचा बोळा तिच्यात नीट बसत नाही. चपळाई आहेच, पण नुसत्या चपळाईवर मुंगूस नागाशी खेळत नाही.

आता लसीबद्दल, कारण खरा गैरसमज तिथंच आहे. आपण तिला लस म्हणतो, पण ती आधी टोचून ठेवायची लस नव्हे. घोड्याला विषाचे अगदी थोडे, हळूहळू वाढवलेले डोस देतात. त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. महाराष्ट्रात या कामाशी हाफकिन संस्थेचं नाव पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. त्यासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणावर तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. साप पकडण्याचं त्यांचं पिढीजात कसब १९७८ पासून या संस्थेच्या रूपानं जीव वाचवण्याच्या कामी लागलं. एकच कुपी चारही सापांवर चालते. बांबूच्या बेटातला हिरवा चापडा मात्र तिच्या यादीत नाही. आणि घोणशीचं विष प्रदेशागणिक थोडं बदलतं, त्यामुळे दूरच्या सापांच्या विषावर बनवलेली लस कधी जास्त लागते, हेही खरं.

जनावरांसाठी माणसाचीच लस वापरतात. मग पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, म्हैस साडेचारशे किलोची, हिला जास्त लागेल. आमच्या कुत्र्याला एक कुपी पुरे ना?" इथं नेहमीचं औषधाचं गणित उलटं होतं. लस जनावराच्या वजनाशी लढत नाही, विषाशी लढते. १ मिली लस घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते. कुपी १० मिलीची, म्हणजे एका कुपीला ६ मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात साधारण ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, कधी फार कमी, कधी दुपटीनं. म्हणजे दहा कुप्यांचा हिशेब झाला, समोर म्हैस असो, माणूस असो की आठ किलोचं पॉमेरेनियन. उलट लहान जनावराची गत जास्त वाईट. तेवढंच विष म्हशीच्या अंगात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम सुद्धा पडत नाही, तिथे त्या कुत्र्याच्या अंगात किलोमागे साडेसात मिलिग्रॅम पडतं. म्हणून मोठी म्हैस घोणशीतूनही पुष्कळदा तगते आणि कुत्रं, शेळी, वासरू काही तासांत जातं. नाग आणि मण्यार यांच्याही बाबतीत हिशेब याच धर्तीचा.

एका कुपीला काही शे रुपये पडतात. दहा कुप्या म्हणजे कुणाच्या घरातला महिन्याचा बाजार. मी हा हिशेब मालकासमोर उघड मांडतो आणि तो गप्प उभा राहतो, तो क्षण माझ्या कामातला सगळ्यात जड क्षण आहे. कमी कुप्यांवर भागवावं लागतं हे वास्तव आहे, आणि कमी कुप्यांवरही जनावरं वाचतात, कारण प्रत्येक चाव्यात पूर्ण विष नसतं. पण पहिली कुपी लवकर जाणं हे तिसऱ्या दिवशीच्या दहा कुप्यांपेक्षा मोलाचं. विष एकदा पेशींना, मज्जातंतूंना, मूत्रपिंडाला भिडलं की लस ते झालेलं नुकसान उलटवत नाही. रक्तात अजून फिरत असलेलं विष तेवढं ती पकडते.

लस शिरेतून, सलाइनमध्ये, सुरुवातीला अगदी सावकाश द्यावी लागते. चाव्याच्या जागी टोचून उपयोग नाही. घोड्याची प्रथिनं असल्यामुळे काही जनावरांना तिचीच तीव्र अ‍ॅलर्जी येते, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो; म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवल्याशिवाय मी बाटली सुरू करत नाही. घरच्या घरी कंपाउंडरकडून लस टोचून घेऊ नका, हे मी त्याचसाठी कळकळीनं सांगतो. घोणस चावलेल्या जनावराच्या पुठ्ठ्यात वेदनाशामकाची इंजेक्शनं ठोसणं तर फारच वाईट. रक्त गोठत नसलेल्या मांसात सुई गेली की आत रक्ताचा गोळा साठतो, आणि काही वेदनाशामकं आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडावर घाव घालतात.

डॉक्टर येईपर्यंत घरी काय करायचं ते थोडकंच आहे. जनावर जिथं आहे तिथं शांत बसू द्या, चालवत दवाखान्यात नेऊ नका. चालताना स्नायू विषाला पुढं ढकलतात. कुत्र्याला उचलून न्या. मोरकी, वेसण, दावं, गळ्यातला पट्टा, घुंगरांची माळ, जे जे सुजेत रुतेल ते काढा. सूज कुठपर्यंत आली आहे तिथं पेनानं किंवा गेरूनं रेघ ओढा आणि वेळ लिहा. तासाभरानं ती रेघ मला जे सांगते ते दहा माणसांची वर्णनं सांगत नाहीत. साप दिसलाच तर लांबूनच मोबाइलवर फोटो घ्या. त्याला मारायला जाऊन घरातल्याच कुणाला पान लागल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. आणि १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

न करण्याची यादी मोठी आहे आणि ती सगळी प्रेमापोटीच केली जाते, हे मला माहीत आहे. चीर देऊन रक्त काढणं, घोणस असेल तर ते रक्त थांबतच नाही. दोरीनं करकचून आवळणं, त्यानं पायच सडतो. तापल्या विळ्यानं डागणं. कोंबडीचं बूड जखमेला लावणं, त्यात कोंबड्या मरतात आणि वेळ मरतो. मिरची चारून 'तिखट लागतंय का' पाहणं. पण सगळ्यात घातक ते पाजणं. घसा लुळा पडला असेल तर नळकांड्यानं ओतलेलं तूप, तेल, काढा सरळ फुप्फुसात उतरतो. विषातून वाचलेली जनावरं मी अशी न्यूमोनियानं गमावलेली आहेत.

एक धोक्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सूज आली म्हणजे साप, असं नेहमीच नसतं. आपल्या भाषेनं एका रोगाला तर सापाचंच नाव दिलं आहे, घटसर्प. त्यात गळा सुजतो, जीभ बाहेर येते, लाळ गळते, घरघर लागते. पण घटसर्पात ताप सणसणीत असतो आणि एकामागून एक जनावरं पडतात. फऱ्या रोगात मांडी किंवा फरा सुजतो, दाबला की कुरकुरतो, कारण आत वायू असतो. दोन्ही जिवाणूंचे रोग, दोन्हींवर पावसाळ्याआधी टोचायच्या लशी आहेत. म्हणून गोठ्यात गेल्यावर मी रक्ताच्या नळीइतकाच थर्मामीटरवर विसंबतो. आणि फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. जनावर अचानक मरून पडलेलं, नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त. लोक म्हणतात, घोणस चावली. असेलही. पण फाशी असेल आणि कुणी कातडं काढायला पोट फाडलं, तर त्या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि तो रोग माणसालाही होतो. असं मढं कुणी चिरू नये, आधी डॉक्टरला दाखवावं.

जाता जाता धामणीचं. धामण गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते, हे ऐकतच आपण मोठे झालो. सापाला ओठ नसतात, ओढून प्यायची सोय त्याच्या तोंडात नाही. सड सुजला, दूध आटलं तर तो दगडीचा आजार असतो, त्यावर उपचार करा. धामण मारली की कडब्याच्या गंजीत उंदीर वाढतात, आणि उंदरांच्या मागे घोणस येते.

त्या म्हशीकडे परत येतो. तालुक्यातल्या दोन मेडिकल दुकानांत मिळून सहा कुप्या मिळाल्या. त्या दिल्या, सलाइन चालू ठेवलं, आणि सहा तासांनी, दुपारी बारा वाजता पुन्हा नळी भरली. सहाच तास का, असं मालकानं विचारलं. लसीनं विष पकडलं तरी संपलेली माती लगेच परत येत नाही. गोठवणारी प्रथिनं यकृत नव्यानं बनवतं, आणि त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी नळी पाहून उपयोग नाही. दुपारची नळीही वाहिली. मालक काही न बोलता दुचाकी काढून शेजारच्या तालुक्याला गेला आणि चार कुप्या घेऊन आला.

संध्याकाळी सहा वाजता गोठ्यात अंधार पडत होता. नाकातली धार थांबलेली दिसत होती, पण दिसण्यावर मी जात नाही. पुन्हा कानाची शीर, पुन्हा दोन मिली, पुन्हा खिडकीचा कोनाडा. आजी नळीकडे तोंड करून पायरीवर बसली होती. वीस मिनिटांनी मी नळी आडवी केली, मग पूर्ण उलटी धरली. काळसर गोळा तळाला घट्ट बसून राहिला.

म्हशीनं पाण्याच्या घमेल्यात तोंड घातलं, दोन घोट गिळले. मी गळ्यावर हात ठेवून बघितलं, घोट नीट उतरत होते.

"आता पाजू का?" आजीनं विचारलं.

"आता पाणी तीच पिईल. उद्या हिरवा चारा बारीक करून द्या."

"आणि दूध?"

विष प्रथिनाचं असतं, पोटात गेलं तर जेवणासारखं पचतं, त्याची भीती नाही. पण मी तिला प्रतिजैविकं दिली होती. "आठवडाभर डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. काढून टाका, कास मात्र रिकामी ठेवा," म्हणालो, आणि सकाळी मोरकीच्या सुजेवर ओढलेल्या गेरूच्या रेघेच्या आत, सूज ओसरून दोन बोटं मागे आली होती तिथं, दुसरी रेघ ओढली.